महालक्ष्म्यांच्या जेवणानंतरची न्याहारी : उरलेलं रात्री राखायचं कसं, सकाळी रांधायचं कसं

महालक्ष्म्यांचं जेवण आटोपलं की स्वयंपाकघरात पाच-सहा गंज (पातेली) झाकलेले असतात. वरण उरतं, सोळा भाज्यांची भाजी उरते, कढी, वडे, पुरण, पोळ्या, कधी आंबीलही. दुसऱ्या दिवशी मूळ नक्षत्रावर विसर्जन असतं, पाहुणे घरातच असतात, बाहेर भाद्रपदाचं आभाळ आणि वावरात निंदणाच्या बाया. अशा सकाळी चहासोबत थंडगार पुरणपोळी आणि गारठलेला तेलकट वडा पुढे केला तर भूक मारली जाते, अंगात ऊब काही येत नाही. तासभर चूल पेटती ठेवली तर त्याच वस्तूंतून धान्य, डाळ आणि भाजी असं सगळं असलेली, वाफाळती न्याहारी पाच माणसांना पुरेल इतकी होते.

पण ही न्याहारी सकाळी ठरत नाही. ती आदल्या रात्री, शेवटची पंगत उठल्यावर ठरते. सकाळी कितीही चांगली फोडणी दिली तरी रात्रभर कोमट राहिलेलं अन्न सुधारत नाही. म्हणून आधी रात्रीचं काम.

रात्रीचं काम

पहिली निवड उष्टं आणि उरलेलं यांची. गंजात राहिलेलं ते उरलेलं. पंगतीत फिरलेल्या बादलीतलं वरण किंवा भाजी परत मोठ्या गंजात ओतू नका. त्या बादलीत वाढप्यांचे हात, डाव, ताटांजवळचे शिंतोडे सगळं गेलेलं असतं, आणि दोन डाव वरणापायी चार लिटर वरण आंबतं. बादलीतलं रात्रीच खाऊन संपवावं.

दुसरी निवड काय ठेवायचं याची. ठेवण्याजोगं म्हणजे वरण, कढी, कोरडी आटवलेली भाजी, पुरण, वडे, भाकर आणि पोळ्या. दह्यातली कोशिंबीर, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि पातळ पालेभाजी सकाळपर्यंत ठेवूच नये. लाल कोहळ्याची भाजी वेगळी केली असेल तर तीही लवकर उतरते, ती रात्रीच संपवा.

भाताचं वेगळं सांगावं लागतं, कारण बहुतेक घरी चूक इथेच होते. तांदळात बॅसिलस सिरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. भात शिजतो तेव्हा हे बीजाणू मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते उगवतात आणि त्यातले काही असं विष तयार करतात की जे पुन्हा परतून, वाफवून, उकळूनही जात नाही. त्याला वासही येत नाही. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. दुपारी बाराला उतरवलेला आणि रात्री दहापर्यंत झाकणाखाली राहिलेला भात फोडणीला घ्यायचा नाही, मग तो कितीही मोकळा आणि पांढराशुभ्र दिसो. फोडणीचा भात हवाच असेल तर शेवटच्या पंगतीसाठी रात्री टाकलेला भात उतरल्यावर लगेच परातीत बोटभर थरात पसरा, वर जाळी ठेवा, गार झाला की डब्यात भरून फ्रिजमध्ये. फ्रिज नसेल तर भाद्रपदात भात ठेवू नये. सकाळी ताजा टाकायला वीस मिनिटं लागतात.

आता वरण राखायचं कसं ते. रात्री वरणाचा गंज पुन्हा चुलीवर चढवा आणि बुडापासून ढवळत खळखळून पाच मिनिटं उकळू द्या. मग एकाच खोल गंजात न ठेवता दोन-तीन पसरट भांड्यांत चार बोटांपेक्षा जास्त खोली होणार नाही असं वाटून घ्या. घमेल्यात किंवा मोठ्या परातीत विहिरीचं ताजं पाणी घेऊन त्यात ही भांडी ठेवा. स्वच्छ डावाने दर तीन-चार मिनिटांनी ढवळा. बाहेरचं पाणी कोमट झालं की बदला. दोनतीनदा बदललं की अर्ध्या-पाऊण तासात भांड्याला हात लावला तर ऊब लागत नाही. तोवर भांड्यावर झाकण नको, पातळ फडकं टाका. गरम भांड्यावर झाकण लावलं की वाफ त्याला धरते, थेंब परत वरणात पडतात आणि सकाळी वरच्या थराला आंबूस वास येतो.

एवढा खटाटोप कशासाठी, तर ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू वाढतात आणि झाकलेल्या मोठ्या गंजाचा मधला भाग रात्रभर नेमका याच पट्ट्यात राहतो. वरून गार लागतो, आत कोमटच.

ओल्या फडक्याची जुनी युक्ती इथे चालत नाही, हे ध्यानात ठेवा. अक्षय तृतीयेला गंजाभोवती ओलं फडकं गुंडाळलं की तो खरोखर थंड होतो, कारण वैशाखातली विदर्भाची हवा कोरडी असते आणि फडक्यातलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. भाद्रपदात हवेतच पाणी भरलेलं असतं. फडकं ओलंच राहतं, गंज काही गार होत नाही.

फ्रिज असेल तर अन्न ऊब गेल्यावरच आत ठेवा, आणि कोंबून भरू नका. रात्री लाइट गेली तर दार उघडू नये. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. लाइट त्याहून जास्त वेळ नव्हती आणि आतलं भांडं हाताला गार लागत नसेल, तर ते अन्न बाहेर राहिल्यासारखंच धरा. फ्रिज नसलेल्या घरी रात्री उकळून गार केलेलं वरण आणि कढी पहाटे उठल्याबरोबर पुन्हा उकळावी आणि न्याहारीतच संपवावी. दुपारपर्यंत ओढू नये.

भांड्याचंही बघा. कढी, चिंच घातलेली भाजी, आंबील हे कल्हई उडालेल्या पितळी गंजात ठेवलं की कळकतं. हिरवट झाक आणि तोंडात धातूची चव आली तर ते फेकण्याशिवाय उपाय नाही. रात्रीपुरतं स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात काढा.

सकाळी तपासताना

झाकण उघडल्याबरोबर आधी वास, मग पृष्ठभाग. वरणावर बारीक फेस, भाजीच्या कडेला बुडबुडे, डाव उचलताना सुटणारी तार, यातलं एकही दिसलं तर चव घेऊन खात्री करत बसू नका. पुरण चिमटीत दाबून बोटं लांब करा. ताज्या पुरणाचा तुकडा पडतो, उतरलेल्या पुरणाला तार सुटते. पोळी-भाकरीवर पांढरा किंवा हिरवट ठिपका असेल तर तेवढाच भाग काढून चालत नाही, कारण बुरशीचे धागे आत गेलेले असतात. ती अख्खी पोळी बाजूला.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना पटवून द्यावी अशी. ‘उकळलं की सगळं शुद्ध होतं’ हे खरं नाही. उकळल्याने जंतू मरतात. त्यांनी आधीच करून ठेवलेलं विष राहू शकतं.

वरणातल्या चकोल्या

या सकाळची खरी न्याहारी हीच. कुठे वरणफळं म्हणतात, कुठे चकोल्या. गहू आणि तुरीची डाळ एकत्र येते, पोट भरतं पण फुगत नाही, आणि वरण पातळ करून रांधायचं असल्याने ते पूर्ण उकळून निघतं. पाच जणांसाठी दाट वरण ३ वाट्या, पाणी ६ वाट्या, कणीक २ वाट्या, बेसन २ चमचे. सोळा भाज्यांची भाजी १ वाटीभर घातली तर फारच छान.

प्रथम वरण पाण्यात घोटून एकजीव करा आणि चुलीवर ठेवा. रात्रभरात वरण घट्ट होऊन त्याचा थर बसतो. तो तसाच गरम केला तर खाली लागतो आणि वर थंड राहतो, म्हणून पाणी आधी, आच मग. वरणाला उकळी येईस्तोवर कणीक भिजवा. कणकेत बेसन, अर्धा चमचा हळद, एक चमचा तिखट, अर्धा चमचा ओवा, चवीपुरतं मीठ आणि दोन चमचे तेल. पुरीला भिजवतो तितकी घट्ट. सैल कणकेच्या चकोल्या वरणात विरघळतात, वरणाची पेज होते आणि खाताना हाताला काही लागत नाही.

पोळीपेक्षा किंचित जाड लाटा आणि शंकरपाळ्यासारखे काप करा. काप एकमेकांवर रचू नका, सुपात पसरून ठेवा. पाच मिनिटं वारा लागला की वरचा ओलावा जातो आणि ते एकमेकांना चिकटत नाहीत.

फोडणी दुसऱ्या कढईत करा. दोन मोठे चमचे तेल चांगलं तापलं की मोहरी, ती तडतडली की जिरं, हिंग, दोन सुक्या मिरच्या, गोडनिंबाची (कढीपत्त्याची) आठ-दहा पानं, ठेचलेल्या सहा-सात लसणाच्या पाकळ्या. लसूण कडेने बदामी झाला की आच काढून हळद आणि तिखट. आच न काढता तिखट टाकलं तर क्षणात जळतं आणि सगळ्या गंजाला कडवट वास लागतो. विसर्जन होईपर्यंत कांदा-लसूण न करणारी पुष्कळ घरं आहेत. तिथे लसणाऐवजी दोन बोटं आलं ठेचून घाला आणि हिंग दुप्पट करा. भाद्रपदाच्या ओल्या सकाळी आल्याची चकोली लसणाच्या चकोलीपेक्षा काही कमी पडत नाही.

फोडणी वरणात ओता, एक चमचा काळा मसाला, चिंचेचा कोळ एक मोठा चमचा आणि सुपारीएवढा गूळ घाला. मीठ आता नको. वरणात, भाजीत आणि कणकेत तिन्ही ठिकाणी मीठ आहे, वर आटल्यावर खारटपणा वाढतो. ते शेवटी चाखून.

आता महत्त्वाचं. वरण खळखळ उकळत असतानाच काप सोडायचे, तेही चार-पाच करून, वेगवेगळ्या जागी. काप पडला की बुडतो, उकळीने फिरतो आणि अर्ध्या मिनिटात वर येतो. तो वर आल्यावर पुढचे. उकळी मंद असताना सोडले तर काप बुडाशी बसतात, एकमेकांना धरतात आणि मध्ये कच्च्या पिठाचा गोळा तयार होतो. सगळे पडले की भाजी घाला, आच मध्यम करा, अर्धवट झाकण ठेवून १२ ते १५ मिनिटं शिजवा. मधून सराट्याने (उलथण्याने) बुडाशी खरवडत राहा. एक चकोली काढून मोडून बघा. मध्ये पांढरी रेघ दिसली तर अजून तीन मिनिटं. रेघ नसेल आणि दातांना किंचित चिवट लागली तर झाली.

उतरवताना ती तुम्हाला हवी त्याहून पातळ असू द्या, कारण ताटात जाईपर्यंत कणीक रस पिते. वरून बारीक चिरलेला सांबार (कोथिंबीर) आणि प्रत्येकाच्या ताटात चमचाभर साजूक तूप.

सोळा भाज्यांचं थालीपीठ

मिश्र भाजी नुसती गरम करून खायला दुसऱ्या दिवशी कोणी तयार नसतं. दोडका, गवार, भेंडी, आलू, कारलं सगळं एकमेकांत मऊ पडलेलं असतं. पण थालीपिठात हाच मऊपणा कामाला येतो.

भाजी थेट पिठात कालवू नका. कढईत घालून मंद आचेवर आधी पूर्ण गरम करा आणि सुटलेलं पाणी आटवा. सहा-सात मिनिटं लागतात. याची दोन कारणं. एक, थालीपीठ जाड असतं, त्याच्या मधल्या भागापर्यंत तव्याची आच नीट पोचेलच असं नाही, म्हणून भाजी आधीच कडक गरम झालेली बरी. दुसरं, पाणी राहिलं तर पीठ वाढवत न्यावं लागतं आणि शेवटी भाजीचं नाही, पिठाचं थालीपीठ होतं.

भाजी हाताला सोसेल इतकी निवली की गवारीच्या शिरा, शेवग्याच्या सालट्या, जाड देठ काढून टाका आणि हाताने मळून घ्या. अशा २ वाट्या भाजीला ज्वारीचं पीठ २ वाट्या, बेसन अर्धी वाटी, कणीक अर्धी वाटी, तीळ एक चमचा, ओवा अर्धा चमचा, तिखट आणि मूठभर सांबार. आधी पाण्याविना मळा. भाजीच्या ओलाव्यातच बरंचसं पीठ भिजतं. मग लागेल तसं गरम पाणी चमच्याने. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, त्यामुळे गार पाण्यात भिजवलेलं थालीपीठ थापताना कडेने फाटतं. गरम पाण्याने पिठाला धरण येते, आणि अर्धी वाटी कणीक तेवढ्याचसाठी आहे. भेंडी जास्त असेल आणि गोळा बुळबुळीत वाटला तर बेसन अजून दोन चमचे. कोहळं जास्त असेल तर चव गोडसर होते, तिथे हिरव्या मिरचीचा ठेचा कालवा.

मळून झालं की लगेच थापा. मीठ आणि भाजी एकत्र आले की पाणी सुटत राहतं, अर्ध्या तासाने तोच गोळा चिखल होतो. ओल्या फडक्यावर बोटाच्या पेराच्या निम्म्या जाडीचं थापून मध्ये पाच भोकं पाडा, तेल लावलेल्या तव्यावर उलटं टाका, फडकं सोडवून घ्या. भोकांत आणि कडेने तेल सोडा. मंद आचेवर झाकण ठेवून चार-पाच मिनिटं, मग उलटून झाकण न ठेवता तीन. तव्याला चिकटलं तर ओढू नका. बाजू भाजली की ते आपोआप सुटतं. या मापात आठ होतात. सोबत दही किंवा जवसाची चटणी.

कढी आणि वडे

कढी गरम करताना फाटते ती आचेच्या घाईने. दह्यातली प्रथिनं तापून एकत्र गोळा होतात. बेसन त्यांना अलग ठेवतं, पण रात्रभरात बेसन खाली बसलेलं असतं आणि वर नुसतं ताक. म्हणून चार वाट्या कढीला एक चमचा बेसन अर्ध्या वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, कढीत घाला, रवीने घुसळून घ्या आणि मगच चुलीवर. मंद आच, उकळी येईपर्यंत डाव थांबवायचा नाही. एकदा उकळली की पाच मिनिटं उकळू द्यायला हरकत नाही, तेव्हा ती फाटत नाही. तरीही फाटली तर ती खराब झाली असं नाही, दाणेदार लागते एवढंच.

वडे मात्र तसेच कढीत टाकू नका. रात्रीचा वडा बाहेरून टणक असतो, कढीत पडला की सालच रस पिते, आत कोरडा राहतो, आणि कढीवर तेलाचा थर येतो. दहा वडे खोल भांड्यात घालून त्यावर उकळतं पाणी ओता आणि दहा मिनिटं झाका. तेल वर तरंगतं, वडा फुलतो. दोन तळव्यांत हलकेच दाबून पाणी काढा, उकळत्या कढीत सोडा, पाच मिनिटं. कढीत एक वाटी गरम पाणी आधीच वाढवून ठेवा, कारण वडे ती पिणारच. वरून तेल, जिरं आणि सुक्या मिरचीची फोडणी. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना तळलेला वडा सकाळी बाधतो, हा भिजवून मऊ केलेला वडा पचतो.

आंबील उरली असेल तर ती गार झाल्यावर खरवसासारखी बसते. अर्धी वाटी गरम पाणी घालून घोटली की मोकळी होते. नंतर मंद आचेवर उकळी आणायची. रात्रीपेक्षा जास्त आंबट झाली असेल तर ताजं ताक घालून आंबटपणा मोडत नाही, थोडं ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून घालावं आणि शिजवावं.

भाकरीचे कुटके

याला फार सांगायला नको, पण दोन चुका सगळीकडे होतात. पहिली म्हणजे मिक्सर. मिक्सरमध्ये भाकर फिरवली की निम्मी पीठ होते आणि ओलावा लागताच तिचा लगदा. हाताने तोडा, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे राहू द्या. दुसरी म्हणजे पोळी आणि भाकर एकाच मापाने भिजवणं. ज्वारीची भाकर कडक वाळते, तिला पाच भाकरींमागे पाऊण वाटी पातळ ताक शिंपडून दहा मिनिटं मुरू द्यावं लागतं. पोळीला नुसता पाण्याचा हात पुरे. जास्त पाणी लागलेली पोळी कढईत चिवट होऊन एकमेकींना चिकटते.

फोडणीत तीन चमचे तेल, मोहरी, जिरं, मूठभर शेंगदाणे तांबूस होईपर्यंत, चार हिरव्या मिरच्या, गोडनिंब, आणि चालत असेल तर दोन कांदे. मोड आलेले मूग किंवा मटकी एक वाटी घालून दोन चमचे पाण्यावर झाकून शिजवा. नुसत्या भाकरीच्या कुटक्यांनी दहा वाजताच पुन्हा भूक लागते, मुगांनी दुपारपर्यंत टिकते. हळद, मीठ, मग तुकडे. परतून झाकण, मंद आचेवर पाच मिनिटं. झाकण काढल्यावर तुकड्यांतून वाफ निघाली पाहिजे. वर लिंबू आणि सांबार.

पुरण

पुरण नीट आटवलेलं असेल, सराटा त्यात उभा राहत असेल, तर एक रात्र सहज टिकतं. गुळामुळे त्यात जंतूंना लागणारं मोकळं पाणी कमी असतं. सैल पुरण टिकत नाही. गरम पुरण डब्यात भरून झाकण लावलं तर वरच्या थरावर पाणी सुटतं आणि तिथूनच ते उतरायला लागतं, म्हणून परातीत पसरून गार करूनच भरा. पोळ्यांचंही तसंच. गरम पोळ्या एकावर एक रचल्या की घाम सुटतो. सुती कापडावर एकेक गार करून मग टोपल्यात.

सकाळी पुरणाची ऊबदार न्याहारी करायची तर ज्वारीच्या कण्यांसोबत. एक वाटी कण्या धुऊन रात्रीच भिजत घाला. सकाळी पाच वाट्या पाण्यात मंद आचेवर ३०-३५ मिनिटं शिजवा. कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या. कणी बोटात दाबली की पूर्ण चिरडली पाहिजे. आधी कण्या, मग गूळ हा क्रम मोडू नका, कारण गोडात कणी शिजत नाही, कितीही वेळ ठेवली तरी टचटचीत राहते. दीड वाटी पुरण एक वाटी गरम पाण्यात मोकळं करा, शिजलेल्या कण्यांत घाला, पाच मिनिटं रटरटू द्या. अर्धा चमचा सुंठ, किसलेलं जायफळ, चिमूटभर मीठ. गंज खाली उतरवा, पाच मिनिटांनी एक वाटी गरम दूध हळूहळू ढवळत घाला. गुळात किंचित आम्ल असतं, चुलीवर उकळत्या गुळात दूध ओतलं की ते नासतं. तूप वरून.

नुसत्या पुरणपोळ्या गरम करताना आच अगदी मंद ठेवा. आपल्याकडच्या पोळीत पुरण भरपूर असतं, कडक तव्यावर बाहेरून डाग पडतात, कुठे फाटली असेल तिथे गूळ जळतो आणि आत थंडच राहते. तव्यावर ठेवून झाकण टाका, दोन्ही बाजू दोन-दोन मिनिटं, आणि तूप उतरवल्यावर.

कामाचा क्रम

चार गोष्टी एकाच सकाळी करायच्या नाहीत. चकोल्या आणि कण्या, किंवा थालीपीठ आणि कढी-वडे, अशी एक जोडी पुरे. उठल्याबरोबर कण्या चढवा, कारण त्यांनाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. दुसऱ्या चुलीवर वरण. वरण उकळेपर्यंत कणीक भिजते आणि लाटून होते, चकोल्या शिजतात तोवर पुरण मोकळं करून घ्या. पन्नास मिनिटांत दोन्ही तयार होतात. सकाळी गरम केलेलं उरलंच तर पुन्हा गरम करून खाऊ नये.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळीही हेच सगळं लागू पडतं, फक्त भाज्या कमी आणि पुरण जास्त असतं. दिवाळीचा प्रकार वेगळा. फराळ कोरडा, तो रातोरात उतरत नाही, त्याला फक्त हवेपासून जपायचं. मऊ पडलेली शेव आणि चकलीचा चुरा थंडीच्या सकाळी तिखट रश्श्यात घालता येतो. पण शेव ताटात वाढल्यावर वरून घाला, गंजात नाही, नाहीतर तिचं पिठलं होतं. खवट वास येत असेल तर रश्श्यात घालूनही तो झाकला जात नाही.

शेवटचं गुरांचं. न्याहारीनंतरही जे उरतं ते टोपलीभर गाईपुढे किंवा बैलापुढे ओतण्याची सवय गावोगावी आहे, आणि ती प्रेमापोटीच आहे. पण गुराच्या पोटाला चाऱ्याची सवय असते. भात, पुरण, पोळ्या असं पिठूळ-गोड अन्न एकदम भरपूर गेलं की कोठीपोटात आम्ल वाढतं, गुराचं रवंथ थांबतं, पोट फुगतं, पातळ शेण पडतं, कधी जनावर दगावतंही. नैवेद्याचा घास किंवा एखादी पोळी द्या. बाकीचं दोन-तीन दिवसांत, कडब्यासोबत, मूठमूठ करून द्या, आणि आंबलेलं किंवा बुरशी आलेलं तर अजिबात देऊ नका, ते उकिरड्याच्या खड्ड्यात टाकून वर शेण-माती ओढा. चुकून जास्त खाल्लंच आणि गुराने रवंथ थांबवलं, डावी कूस फुगलेली दिसली, तर घरगुती काढे पाजत वेळ घालवू नका, गुरांच्या डॉक्टरांना त्याच वेळी बोलवा.